पुलापासून घरापर्यंत

“टेम्पो हितं नको, त्या खताच्या दुकानाच्या पल्याड लाव,” दादासाहेब म्हणाला, आणि म्हाळसाच्या कपाळाची शीर तिथंच उठली.

बारामतीतल्या गाड्यांच्या शोरूमसमोर पोळ्याची जनावरं उभी राहतील एवढी मोकळी जागा होती. रखवालदार हात करून बोलवत होता. पण दादासाहेबानं मान दुसरीकडं वळवलेली, आणि खिडकीला बसलेला त्याचा चुलतभाऊ गेणबा बोटानं पुढं पुढं दाखवत होता. म्हाळसाला कळायचं ते कळलं. दुधाचा टेम्पो, चालवणारी बायको आणि तिच्या शेजारी गुडघ्यावर हात ठेवून बसलेला नवरा, हे काचेआडच्या लोकांना दिसायला नको होतं. तिनं टेम्पो पुढं नेला, पोती उतरवणाऱ्या ट्रकमागं उभा केला, सीटखालची चप्पल पायात सरकवली आणि उतरली. ती गाडी अनवाणीच चालवायची. पेडल पायाला कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

अकरा वर्षं ती हा टेम्पो चालवत होती. निरवांगी गावातून रोज दोन वेळा दुधाचे कॅन भरायचे आणि संकलन केंद्रावर पोचवायचे. त्याआधी सगळं दादासाहेबच चालवायचा. मग एकदा उसाच्या खेपेला ट्रॅक्टर चारीत कलंडला आणि त्याच्या डाव्या पायात सळई बसली. पाय सहा महिन्यांत चालता झाला, पण स्टिअरिंगला हात लावला की तळव्यांना घाम फुटायचा आणि दातखीळ बसल्यासारखं व्हायचं. गावाला पायाचं कारण ठाऊक होतं. खरं कारण घराच्या उंबऱ्याच्या आत होतं, आणि म्हाळसानं ते सख्ख्या भावापुढंही कधी काढलं नव्हतं. दूध काही कुणासाठी थांबत नाही. तिनं मोकळ्या रानात टेम्पो पुढं-मागं करून हात बसवला, बारामतीला जाऊन लायसन काढलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कॅन भरून निघाली. तेव्हा गावात कुणी हसलं नाही. दूध वेळेवर जात होतं, मग हसायचं कशाला.

मोठी गाडी घ्यायचं तिनंच मनावर घेतलं होतं. सासूचे, रंगूबाईचे, गुडघे पार गेलेले. दर शुक्रवारी तिला बारामतीला डॉक्टरकडं आणावं लागायचं. टेम्पोच्या केबिनमध्ये चढवताना म्हाळसा खालून रेटायची, दादासाहेब वरून ओढायचा, आणि म्हातारी मध्येच अडकून म्हणायची, “मला पेंडीच्या पोत्यागत चढवू नका रं, मी अजून जित्ती हाय.” मुलगा, सून आणि दोन नातवंडं पुण्याहून आली की निम्म्या घराला कॅनच्या जागेत उभं राहून प्रवास करावा लागायचा. घरातली सगळी माणसं बसतील, म्हातारीला आपलं आपण चढता येईल आणि आपल्या हाताला झेपेल अशी गाडी हवी, एवढंच म्हाळसाचं मागणं होतं. त्यासाठी दोन वर्षं तिनं अंगावर नवं लुगडं घेतलं नव्हतं.

यात गेणबा कुठून शिरला, हे तिला अजून उमगलं नव्हतं. गेणबानं पूर्वी इंदापूर-बारामती रस्त्याला वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप चालवली होती. जीप केव्हाच मोडीत गेली, पण गाडीतलं कळतं ते आपल्यालाच, हा समज काही मोडीत निघाला नाही. महिनाभर तो रोज संध्याकाळी येऊन दादासाहेबाच्या कानाशी बसत होता. शोरूममध्ये फोनसुद्धा त्यानंच केला होता.

आत मिहिर नावाचा विक्रीचा पोरगेला माणूस सामोरा आला. पांढरा शर्ट, तोंडात साखर. तो दादासाहेबाला सर म्हणाला, गेणबाला सर म्हणाला, इंजिनाचं सांगितलं, ताकदीचं सांगितलं, आणि म्हाळसाकडं वळून म्हणाला, “काकू, तुम्हाला रंग कोणता आवडेल?”

रंग तेवढा बाईला विचारायचा, ही रीत सगळ्याच दुकानांत दिसते. म्हाळसा म्हणाली, “आधी गाडी बगू द्या.”

गाडी मधोमध उभी होती. पांढरी, धिप्पाड, पुढून बघितली तर अंगावर येणारी. गेणबा तिच्याभोवती दोनदा फिरला, चाकाला लाथ मारून बघितली आणि म्हणाला, “दादा, ही उभी राहिली ना दारात, तर माणूस इचारंल, आमदार आलेत का काय.” दादासाहेब हसला. असा मोकळा हसलेला नवरा म्हाळसानं बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता, म्हणून तिला आधी बरंच वाटलं.

फिरवून बघायला तसलीच दुसरी गाडी बाहेर तयार होती. मिहिरनं किल्ली गेणबाच्या हातात दिली. गेणबानंही ती आपलीच असल्यासारखी घेतली. दादासाहेब पुढं बसला. मिहिर म्हणाला, “काकू, तुम्ही माझ्याबरोबर मधे बसून आराम बघा.” आराम बघायला ती बसली. सीट मऊ होती, गार वारा तोंडावर येत होता, आणि गेणबा कारण नसताना हॉर्न वाजवत इंदापूर रस्त्याला लागला.

पहिलं वळण गेल्यावर तो आरशातून बघत म्हणाला, “वैनी, आता तुमचा तरास मिटला बगा. दर शुकीरवारी चुलतीला मीच घिऊन येत जाईन. तुमी आपलं घरी निवांत.”

म्हाळसानं दादासाहेबाच्या मानेकडं बघितलं. मान वळली नाही.

“व्हय,” तो पुढच्या काचेकडं बघत म्हणाला. “तसंच ठरलंय.”

ठरलंय. तिच्या घरात, तिच्या गाडीचं, तिला वगळून ठरलं होतं. कधी ठरलं? ती सकाळी दूध घालायला गेली असेल तेव्हा, नाहीतर गोठ्यात धारा काढत होती तेव्हा. तिच्या पाठीमागं, तिच्याच ओट्यावर बसून, तिनंच केलेला चहा पीत. मिहिर सीट मागं कशी पाडायची ते दाखवत होता. तिला त्याचं एक अक्षर ऐकू गेलं नाही. गेणबाला बाईनं बनवलेली भाकरी चालत होती, बाईनं आणलेल्या दुधाच्या पैशाची गाडी चालत होती, पण ती गाडी चालवायला मात्र बाई चालत नव्हती.

परत आल्यावर ती उतरली आणि मिहिरला म्हणाली, “आता मी चालवती.”

मिहिर चांगल्या घरातला, त्यानं लगेच सावरून लायसन आहे का विचारलं. तिनं कमरेची पिशवी सोडून लायसन त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते दोन्ही बाजूंनी बघितलं. दादासाहेब म्हणाला, तिला टेम्पोची सवय आहे, ही गाडी मोठी, उगाच कुठं लागली बिगली तर. गेणबा म्हणाला, बसू द्या की, बसून बघायला काय जातंय.

चप्पल काढून ती स्टिअरिंगमागं चढली, आणि बसताक्षणीच तिला कळलं. तिची उंची बेताची. पाठ टेकवली तर पाय क्लचपर्यंत पोचेना. पुढं सरकली तर पाय पोचला, पण मग समोर नुसतं बोनेटचं पांढरं पठार, त्यापलीकडचा रस्ता दिसेना. मिहिरनं सीट पुढं घेतली. वर घ्यायची सोय त्या गाडीला नव्हती. तिनं टाचा उचलल्या, मान ताणली, क्लच दाबून बघितला. खिडकीबाहेर गेणबा पोट धरून हसत होता.

“वैनी, पाट आणू का घरातनं? जेवणाचा?”

आणि दादासाहेबही हसला. तोंड फिरवून, हळू, पण हसला.

म्हाळसा खाली उतरली. चपला पायात घालायलाही थांबली नाही. गाड्या धुतात त्या मागच्या अंगणाकडं गेली आणि दाराशी थांबून नवऱ्याला म्हणाली, “जरा हिकडं या.” आवाज चढवला नव्हता. पण अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा आवाज कुठला, ते दादासाहेबाला ठाऊक होतं. तो गेला.

“कवा ठरलं?” तिनं विचारलं.

“काय?”

“गाडी भावजींनी चालवायची, हे कवा ठरलं आन् कुणी ठरवलं?”

त्यानं आधी गेणबाच्या रिकाम्या वेळाचं सांगितलं. मग तिच्या कामाच्या रगाड्याचं सांगितलं, तिला जरा इसावा मिळावा म्हणून, असंही म्हणाला. ओल्या फरशीवर साबणाचं पाणी वाहत होतं आणि तिचे अनवाणी पाय त्यात होते. शेवटी त्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं.

“टेम्पो येगळा, म्हाळसे. ते काम हाय, कामात कोण कुणाला बघत न्हाय. ही गाडी लग्नाकार्याला जाणार. मांडवाच्या दारात थांबायची. चार पावणं उभं असणार. तितं तू चालवत आणणार आन् मी शेजारनं उतरणार. बायकूनं आणला, म्हणतील.”

“म्हणतील. मग?”

“मग काय, मग? गड्याला काय त्वांड राहतंय का?”

म्हाळसाचा राग इतका वेळ पोटात होता, तो आता हातात उतरला. तिनं पदर खोचला.

“तुमच्या आईनं घोड्यावर आख्खं बिऱ्हाड लादून कोकणचा घाट उतरलाय. भांडी, कोंबड्या, आन् त्या सगळ्याच्या वर बांधलेलं तुमी, दीड वर्साचं. लगाम कुणाच्या हातात? आईच्या. तुमचं आबा कुठं? मेंढरांबरं, दोन कोस पुढं. सगळ्या धनगरांची घोडी बायांनीच हाकली. तवा कुठल्या पावण्यानं त्वांड फिरवलं?”

“ते दिस येगळं हुतं.”

“दिस येगळं नव्हतं. घोड्याला किंमत नव्हती. कुणी बघत नव्हतं, तवर लगाम बाईकडं. आता चार माणसं बघतील अशी गाडी आली, तर बाईनं मागं बसून आराम बघायचा.”

दादासाहेबाचं तोंड हट्टी पोरासारखं झालं. म्हाळसाच्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं. तुमच्या तळव्यांना घाम येतो, त्याचं काय? हे ती तिथं मोठ्यानं म्हणाली असती, तर काचेपलीकडच्या गेणबाला ऐकू गेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं असतं. वाक्य ओठापर्यंत आलं, आणि तिनं ते गिळलं. गिळताना तिला स्वतःचाच संताप आला. याची लाज आपण अकरा वर्षं पदराखाली झाकली, आणि याला आपल्या शेजारी बसायची लाज वाटते.

ती तशीच आत गेली आणि मिहिरला म्हणाली, “ती कोपऱ्यातली विटकरी गाडी. ती चालवायची मला.”

मिहिर जरा ओशाळला. ही सात सीटचीच होती, पण अंगानं बारीक, चढायला ठेंगणी. ती त्यानं दाखवलीच नव्हती, कारण फोनवर मोठीच सांगितली होती. आता त्यानं सीटच्या बाजूचा दांडा दाखवला. तो वर-खाली केला की सीट उचलली जात होती. म्हाळसानं चार वेळा दांडा उपसला, हापशावरून पाणी काढावं तसा, आणि समोरचा रस्ता बोनेटच्या टोकापासून दिसायला लागला. पाय क्लचवर सपाट बसला.

मिहिर तिच्या शेजारी बसला. दादासाहेब मधल्या सीटवर, आणि गेणबाला कुणी बोलावलं नव्हतं तरी तोही दार उघडून बसलाच.

गाडी हलली. टेम्पोपेक्षा स्टिअरिंग हलकं, इतकं हलकं की पहिल्या वळणाला तिनं जास्तच ओढलं. लगेच मागून गेणबा सुरू झाला. हळू वळवा वैनी. गिअर टाका आता. टाका, टाका. अहो, ते स्पीडब्रेकर दिसंना का. मिहिर कसनुसं हसत होता. दादासाहेब खिडकीबाहेर बघत होता. गाव मागं पडलं, दोन्ही अंगाला ऊस लागला. पुढं उसाच्या दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर रस्ता अडवून डुलत चालला होता. म्हाळसानं आरसा बघितला, समोरचा रस्ता बघितला आणि गाडी उजवीकडं काढली.

“न्हाय जमायचं,” गेणबा ओरडला. “मागं घ्या, वैनी, मागं घ्या. दादा, सांग की बायकूला.”

तिनं मागं घेतली नाही. तिसऱ्या गिअरवरच दाबली, दोन्ही ट्रेलर ओलांडले, ट्रॅक्टरवाल्याला हॉर्न देऊन डावीकडं आली. मग इंडिकेटर लावून गाडी रस्त्याच्या कडेला व्यवस्थित घेतली. थांबवली. हँडब्रेक ओढला. मान न वळवता आरशात बघून म्हणाली, “भावजी, उतरा.”

“आँ?”

“उतरा खाली.”

“हितं?”

“हितंच. कडंला सावली हाय, कुणी ना कुणी बसवून घिऊन जाईल. वडापची सवय हाय तुमाला.”

गेणबानं दादासाहेबाकडं बघितलं. दादासाहेब काहीतरी बोलायला गेला, पण आरशातले बायकोचे डोळे बघून नुसता खाकरला. मिहिरनं सीटबेल्ट घट्ट धरला होता, जणू त्यालाही उतरवतील. मागून उसाचा ट्रॅक्टर हळूहळू परत जवळ यायला लागला. गेणबा उतरला. दार त्यानं इतकं जोरात आपटलं, की मिहिर सवयीनं म्हणाला, “सर, सावकाश.”

मग म्हाळसानं गाडी चालवली. पुढं जाऊन कच्च्या रस्त्याला घातली, खड्ड्यातून काढली, पाटाच्या कडेनं मागं घेऊन वळवली. चढावर मध्येच थांबवून परत उचलली, गाडी वीतभरही मागं सरकली नाही. मिहिरनं एकदा विचारलं की काकू किती वर्षं चालवताय, आणि तिनं सांगितल्यावर तो मनापासून म्हणाला, “दिसतंय.” राग उतरला नव्हता. पण तो आता हातापायांतून नीट वाहत होता, गिअर बरोबर पडत होते. तिनं मनात म्हातारीला या गाडीत बसवून बघितलं. उंबरा चढावा तेवढंच चढायचं होतं. ही गाडी आपली, असं तिनं तिथं पाटाच्या कडेलाच ठरवून टाकलं.

शोरूमला आल्यावर ती तिघं टेबलाशी बसली. मिहिरनं कागद पुढं ओढला. दादासाहेब पाण्याचा पेला हातात फिरवत राहिला. त्याच्याही मनात काही चाललं होतं, हे म्हाळसाला दिसत होतं. मागं बसून त्यानं सगळं बघितलं होतं. ट्रॅक्टर ओलांडताना त्यानं पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, आणि ओलांडून झाल्यावर सोडली होती. तिला वाटलं, आता हा बोलेल.

तो बोलला. “ठीक हाय. हीच घिऊ. तूच चालव.”

म्हाळसानं श्वास सोडला.

“फकस्त एक,” तो पुढं म्हणाला, फार मोठं काही देतोय अशा सुरात. “गावाबाहेर तू चालव. बारामती म्हण, पुणं म्हण, कुठं बी. पण ओढ्याच्या पुलापासून घरापतूर गेणबा घेईल. तो पुलावर येऊन थांबंल. तेवढं पाचशे पावलं. पुलावर सगळा गाव बसलेला असतो, म्हाळसे. तेवढं सोड.”

त्याला खरंच वाटत होतं की त्यानं तोडगा काढला. त्याच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं. आणि म्हाळसाला कधी नव्हे एवढा राग त्या क्षणी आला. मोठ्या गाडीचा आला नव्हता, हसण्याचा आला नव्हता, एवढा. बाहेरच्या शंभर गावांनी बघितलं तरी चालेल. ज्या गावात ती नांदायला आली, जिथल्या प्रत्येक दाराला तिच्या टेम्पोचा आवाज ठाऊक, तिथं मात्र तिनं पुलावर उतरून मागं बसायचं. आपल्याच घरी पाव्हण्यासारखं पोचायचं.

मिहिर नाव विचारत होता. गाडी कोणाच्या नावे टाकू, सर?

“लिहू नका,” म्हाळसा म्हणाली. तिनं कागदावरचं पेन उचललं आणि दादासाहेबासमोर ठेवलं. “ऐका. पुलापतूर मी आन् पुढं गेणबा, असली गाडी मला नको. आईला मी टेम्पोतच आणीन. रेटून आणीन, पाठीवर घिऊन आणीन. गाडीचं काय अडलंय? अडलंय ते एवढंच, की गावातनं जाताना तुमी माझ्या शेजारी बसणार का न्हाय. बसणार असाल तर सही करा. नसाल तर पेन तसंच राहू द्या. मला धारांना जायचंय.”

“म्हाळसे, लोक बघत्यात.”

“बघू द्या. तुमी पण बगा.”

ती उठली. दाराशी गेणबा नुकताच कुणाच्या तरी मोटरसायकलवरून उतरत होता, अंगावर धुरळा, तोंडात शिवी अडकलेली. ती त्याच्या अंगावरून गेली आणि त्याला बाजूला व्हावं लागलं. दादासाहेब मागं येईल असं तिला निम्म्या रस्त्यापर्यंत वाटत होतं. तो आला नाही. टेम्पो सुरू करून ती एकटीच निघाली. वाटेत तिनं ना रेडिओ लावला, ना कुणाला हात केला.

धारा झाल्या, दूध पोचलं. रंगूबाईनं विचारलं, गाडी बघितली का, कशी हाय. म्हाळसा म्हणाली, तुमच्या पोराला इचारा. म्हातारीनं सुनेचं तोंड बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. लेकाची मात्र तिनं ओट्यावर बसून वाट बघितली, आणि दिवेलागण झाल्यावर तो आल्या आल्या त्याला विचारलं. तो हातपाय धुऊन, “बघू,” एवढंच म्हणाला. जेवताना तो ताटाकडं बघत होता, म्हाळसा चुलीकडं. तिला विचारायचं नव्हतं आणि त्याला सांगायचं सुधरत नव्हतं. एकदा तो म्हणाला, कालवण झ्याक झालंय. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

पहाटे ती कॅन भरून निघाली. ओढ्याच्या पुलाशी तानूबाईचं चहाचं खोपटं आहे. तानूबाई रोज टेम्पोतूनच दूध घेते. म्हाळसानं टेम्पो थांबवला, माप काढलं. तानूबाई पातेलं घेऊन आली ती तोंडभर हसत.

“पांढरीच सांगितली म्हणं गाडी.”

“कसली गाडी?”

“आता. तुला ठावं न्हाय? काल यष्टीतनं उतरला तुझा मालक, तो घरी न जाता हितंच आला. धा-बारा गडी बसलं हुतं, गेणबा बी मागनं आला, त्वांड सुजवून. सगळ्यांम्होरं म्हणाला, म्हाळसानं निवडली तीच गाडी सांगून आलोय, रंग तेवढा पांढरा. चालवणार म्हाळसा. हितनंच जाणार, ह्याच पुलावरनं, आन् मी तिच्या शेजारी बसणार. म्हणला, ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्या, म्हंजे परत तरास नको.”

म्हाळसाच्या हातातलं माप कॅनच्या काठावर थांबलं. “मग? कोण हसलं?”

“कोण हसतंय? गेणबा उठून गेला. बाकीच्यांनी पार्टी मागितली.” तानूबाईनं पातेलं पुढं केलं. “लई मोठ्या मनाचा गडी, बाई. लाखात एक. माझा असता तर असं चारचौघांत बोलला असता व्हय? सगळी तेच म्हणत हुती रातीपतूर, दादासाहेबाचं मन लई मोठं.”

गाडी तीच, पण विटकरी सोडून पांढरी. तेवढी एक गोष्ट त्यानं आपली राखलीच होती. त्याचं म्हाळसाला काही वाटलं नाही, पांढरी तर पांढरी. पुलावर दहा-बारा माणसांपुढं उभं राहून हे बोलताना त्याचे तळवे ओले झाले असतील, हेही तिला कळत होतं. बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण तानूबाईचं ते मोठं मन तिच्या कानातून जाईना. अकरा वर्षं पहाटे उठून हा पूल ओलांडला, तेव्हा कुणी कुणाचं मन मोजलं नव्हतं. आणि बायकोच्या शेजारी बसतो, एवढं सांगून आला तर गाव त्याला लाखात एक म्हणतंय.

तिनं माप भरून पातेल्यात ओतलं. जरा जोरातच ओतलं, दूध तानूबाईच्या मनगटावर उडालं.

“तानूबाई, त्यांचं मन मोठं,” ती म्हणाली. “आन् माझं?”

तानूबाईनं असा विचारच केला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती हात पदराला पुसत म्हणाली, “तुझं काय, बाई. तू तर चालवतीस की पयल्यापासनं.”

“तेच,” म्हाळसा म्हणाली, आणि माप कॅनच्या कडीत अडकवून टेम्पो सुरू केला.